नोकरी, घर आणि सीए फायनल: रोज धावणं आता झेपत नाही, पण सोडायचंही नाही. चाल कशी ठरवायची?

बुटीबोरी_७४० | ८ जुलै २०२५

परवा, ६ जुलैला, सीए फायनलचा निकाल लागला आणि मी तिसऱ्यांदा राहिले. तीन-तीन पेपरांचे दोन्ही ग्रुप दिले होते. मार्क लिहूनच टाकते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना नेमकं कळेल. एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) ४४, एएफएम (अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट) ३९, ऑडिट ५२. दुसऱ्या ग्रुपमध्ये डायरेक्ट टॅक्स ४१, इनडायरेक्ट ४७, आयबीएस (इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स) ५३. बेरीज ६०० पैकी २७६, लागतात ३००. एकाही पेपरात साठ नाहीत, म्हणजे एक्झेम्प्शनही (तो पेपर पुन्हा न देण्याची सूट) नाही. सगळे पेपर अर्धे कच्चे. चुलीवर भात ठेवून दर पाच मिनिटांनी झाकण उघडावं, तसा माझा अभ्यास झालाय.

मी ३२ वर्षांची. नागपुरात मनीषनगरला राहते. बुटीबोरीच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सकाळी ७.४० ला छत्रपती चौकातून कंपनीची बस, संध्याकाळी घरात पाय ठेवायला सात वाजतात. नवरा औषध कंपनीचा एमआर, आठवड्यातले तीन दिवस चंद्रपूर-यवतमाळकडे फिरतीवर. मुलगी साडेचार वर्षांची. सासूबाई दिवसभर तिला सांभाळतात आणि त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं मला दिसत असतं.

गेलं दीड वर्ष दिवस असा चाललाय: पहाटे साडेतीनचा गजर, पावणेसहापर्यंत अभ्यास, मग डबे, मुलीची तयारी, बस. रात्री मुलगी झोपली की दहा ते साडेअकरा पुन्हा पुस्तक. झोप चार तास. मार्चअखेर कूलर लागला, तर त्याच्या वाऱ्यानं मॉड्यूलची पानं उडायची, म्हणून पुस्तकावर लाटणं आडवं ठेवून वाचायचे. एकदा सासूबाई पोळ्यांच्या वेळी लाटणं शोधत होत्या, तर मुलगी आतून म्हणाली, "आईच्या अभ्यासात आहे." तेव्हा आम्ही सगळे हसलो. नंतर ते वाक्य माझ्या मनातून गेलंच नाही.

एप्रिलमध्ये दोन गोष्टी झाल्या. मार्चचा ३बी, म्हणजे कंपनीचं जीएसटीचं महिन्याचं विवरण, भरताना मी एका पुरवठादाराच्या बिलाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) दोनदा घेतलं. ते बिल फेब्रुवारीतच घेऊन झालं होतं. १ लाख ८४ हजारांचं क्रेडिट, आणि ते वापरलंही गेलं. २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटीची यादी) आली तेव्हापासून ती जुळवून पाहायचं काम मी करतेय, अशी चूक कधी झाली नव्हती. पुढच्या महिन्यात माझ्याच लक्षात आलं, १८ टक्के व्याजासकट उलटवलं. व्याज पावणेतीन हजारांच्या आसपास होतं. साहेब रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "तुझ्या हातून कसं काय?" दुसरी गोष्ट, केस फार गळत होते म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, झोपता किती?

आणि मग मे. पेपर दुपारी दोनला. नागपूरच्या मेमध्ये साडेबाराला दुपट्टा गुंडाळून गाडीवर निघायचं, सासूबाईंनी पर्समध्ये टाकलेला कांदा, सेंटरवर पोचेपर्यंत डोकं तापलेलं. त्यात सीमेवरच्या तणावामुळे दुसऱ्या ग्रुपचे उरलेले पेपर पुढे ढकलले गेले. काहींना त्या दिवसांचा फायदा झाला. मी ते दिवस निव्वळ झोपून काढले. म्हणजे अक्षरशः, मुलीच्या शेजारी आडवी झाले की उठवतच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग सोडून दे, नोकरी चांगली आहे. ते मला करायचं नाही, आणि का नाही तेही सांगते. माझे बाबा इतवारीत एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे मुनीम होते. तीस वर्षं लाल वह्यांमध्ये त्यांनी हिशोब लिहिला, पैशापैशाचा मेळ लावला. वर्षाच्या शेवटी ते सगळं घेऊन सीएच्या ऑफिसात जायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे. मी दोनदा त्यांच्यासोबत गेले होते. सगळं काम बाबांचं आणि सही दुसऱ्याची, हे तेव्हा मला फार लागलं होतं. बाबांना नव्हतं लागलं, ते म्हणायचे, "सहीचा अभ्यास वेगळा असतो बेटा." मला ती सही करायची आहे. बाबा आता ६८ चे आहेत. त्यांनी ती बघावी असं वाटतं, आणि घाई होते ती बहुतेक यामुळेच.

सप्टेंबर अटेम्प्टचा फॉर्म याच महिन्यात भरायचा आहे. क्लासवाले म्हणतात, गॅप पडू देऊ नका, दोन्ही ग्रुप पुन्हा द्या. माझं शरीर नाही म्हणतंय. पण भीती ही आहे की मी एकदा सावकाश झाले की सावकाशच राहीन, आणि पाच वर्षांनी कुठल्या तरी लग्नात सांगेन की मी पण सीए करत होते. माझ्यासोबतच्या दोघी आज असंच सांगतात.

तर विचारायचं आहे ते हे. नोकरी-संसार सांभाळून मोठं काही करणाऱ्यांनी स्वतःची चाल कशी ठरवली? कमी वेगानं चालताना आपण थांबलेलो नाही हे कशावरून ओळखायचं?

---

अभ्यासिका_सीट_१४ | ८ जुलै

ताई, मी नोव्हेंबर २०२४ ला दोन्ही ग्रुप काढले, म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगतो.

रेंगाळलेला अभ्यास जास्त थकवतो. मी पण आधी नोकरी करत करत दोन अटेम्प्ट दिले, दोन्ही गेले. रोजचे तीन तास अभ्यास करायचो, पण त्यातला पाऊण तास काल काय वाचलं ते आठवण्यात जायचा. एफआरमध्ये कन्सॉलिडेशनचा (अनेक कंपन्यांचे हिशोब एकत्र करण्याचा) एक मोठा प्रश्न पूर्ण सोडवायला सलग वेळ लागतो, तो तुकड्यात होतच नाही. शेवटी चार महिने बिनपगारी रजा घेतली. नंदनवनला एका अभ्यासिकेत महिन्याची सीट लावली, सकाळी आठ ते रात्री दहा. दुपारी खाली तर्री पोहे, संध्याकाळी चहा, बाकी काही नाही. चार महिन्यांत तीन रिव्हिजन झाल्या, सरावाचे पेपर (आरटीपी-एमटीपी) सगळे सोडवून झाले. आणि निघालो.

म्हणून माझं म्हणणं, वर्षानुवर्षं अर्ध्या वेगानं चालण्यापेक्षा थोडे दिवस पूर्ण वेगानं पळा आणि मोकळ्या व्हा. तुम्हाला घरच्यांचा आधार आहे असं दिसतं. रजा मागून तर बघा.

एक गोष्ट लपवत नाही. निकालानंतर दोन महिने मी काहीच करू शकलो नाही. झोप लागायची नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडायचं. मुलाखतीचे दोन कॉल मी उचलले नाहीत. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतोय. पण तरी मी पुन्हा तेच केलं असतं.

---

बुटीबोरी_७४० | ८ जुलै

मनापासून लिहिलंत, आभार. सलग वेळेबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं, माझं एफआर तुकड्यांमुळेच ४४ वर अडकतंय. चार महिने बिनपगारी मात्र शक्य नाही. फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो. आणि मुलगी मला दिवसभर शोधेल. आत्ता रात्री तरी मी तिला सापडते.

झोपेचं आणि धडधडीचं लिहिलंत ते बरं केलंत. आता ठीक आहात ना?

---

हुडकेश्वरची_आई | ९ जुलै

बाकीचं तज्ज्ञ लोक सांगतील. मी फक्त एवढंच म्हणते, हिमोग्लोबिन ८.९ असताना साडेतीनचा गजर लावू नका हो. लोहाच्या गोळीवर लिंबू-आवळा घ्या, चहा लगेच पिऊ नका, गोळी नीट लागत नाही. मी बी.एड. करताना अशीच होते आणि वर्गात फळ्यासमोर चक्कर येऊन पडले होते. मुलांसमोर. दोन महिने अभ्यास कमी झाला तर पेपर कुठे जात नाही.

---

इतवारीचा_हिशोबनीस | १० जुलै

बेटा, तुझं पत्र (पत्रच म्हणतो) दोनदा वाचलं. माझं ऑफिस इतवारीतच आहे आणि माझ्या ऑफिसबाहेरही एक बाक आहे. तो आजपासून आत घेतलाय, एवढं तुझ्या बाबांना सांग.

आता कामाचं बोलतो. आधी तुझे मार्क.

दोन्ही ग्रुप एकत्र देण्याचा खरा फायदा एकच असतो. प्रत्येक पेपरात ४० आणि सगळ्यांची बेरीज निम्मी झाली की दोन्ही ग्रुप निघतात, म्हणजे एका ग्रुपातले जास्तीचे मार्क दुसऱ्याची तूट भरून काढतात. पण भरून काढायला जास्तीचे असावे लागतात. तुझा सगळ्यात वरचा पेपर ५३ आहे. तुझ्याकडे इकडून तिकडे न्यायला काहीच नाही. सहा पेपर एका माणसानं तुझ्या वेळात केले की सहाही चाळीस-पन्नासातच राहणार. पहिल्या ग्रुपचे तीनच पेपर कर. त्यातल्या एका पेपरात साठ काढायचेच असं ठरव, तुझ्या बाबतीत तो ऑडिट. साठ झाले तर ग्रुप राहिला तरी तो पेपर पुढच्या तीन अटेम्प्टपर्यंत तुझ्या खिशात राहतो.

दुसरं, सप्टेंबर विसर. तू कंपनीत अकाउंट्सला आहेस. टॅक्स ऑडिट ३० सप्टेंबरपर्यंत, कंपनीची वार्षिक सभाही ३० सप्टेंबरच्या आत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऑडिटर तुझ्या टेबलाला चिकटून बसलेला असणार. मेमध्ये वर्षाच्या हिशोबांचं क्लोजिंग, शिवाय आपलं ऊन. राहतो जानेवारी. नवीन पद्धतीत फायनलही वर्षातून तीनदा होते, ते तुझ्यासारख्यांच्या फार सोयीचं आहे. आमच्या वेळी दोनच होते, मे आणि नोव्हेंबर, आणि नोव्हेंबरच्या आधी दिवाळी बुडायची. फक्त जानेवारीत एक खड्डा आहे: जीएसटीचं वार्षिक विवरण, ३१ डिसेंबर. त्याचा ताळमेळ नोव्हेंबरमध्येच उरकून टाक, डिसेंबर मोकळा ठेव. आणि यंदा लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या २१ ला, म्हणजे ३बीच्या तारखेला चिकटूनच. त्या आठवड्यात अभ्यास धरूच नको. नाहीतर अपराधी वाटून दिवाळीही जाईल आणि अभ्यासही होणार नाही.

तिसरी गोष्ट, चाल. तू रोजचं वेळापत्रक केलंयस. आपल्या धंद्यात रोज नावाची गोष्ट नसते, बेटा, महिना असतो. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ हे विवरण, २० ला ३बी. पहिले वीस दिवस आपले नसतात. तू त्या वीस दिवसांत रोज पावणेचार तास मागतेस, ते मिळत नाहीत, रोज संध्याकाळी तू स्वतःच्या नजरेत नापास होतेस. आणि २१ तारखेला दिवस खरंच मोकळे होतात, तेव्हा तू थकून झोपलेली असतेस. उलट कर. १ ते २० फक्त बसमधला वेळ, जाता-येता मिळून पावणेदोन तास तरी होतात, त्यात ऑडिटची मानकं वाच. ऑडिट बसमध्ये वाचता येतं, एफआर येत नाही. २१ पासून महिनाअखेर एफआर आणि एएफएम, सलग. शनिवार-रविवार धरून. त्या दहा दिवसांत साडेतीनला उठलीस तरी चालेल, पण दहा दिवस, वर्षभर नाही.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. २०११ च्या सप्टेंबरमध्ये माझ्या हाताखाली चार मुलं आणि एकशे साठच्या वर ऑडिट होती. २८ तारखेला रात्री बॅलन्स शीटवर सही करताना पेन हातातून गळून पडलं. उजव्या हाताची बोटं वळेनात. रक्तदाब इतका वर गेला होता की डॉक्टरांनी घरी पाठवलंच नाही. ३० तारीख मी दवाखान्यात पलंगावर काढली, आणि पोरांनी मित्राकडून सह्या घेऊन काम पूर्ण केलं. माझ्यावाचून झालं. ते स्वीकारायला मला हात बरा व्हायला लागला त्यापेक्षा जास्त दिवस लागले.

पुढच्या वर्षी मी तिसरा हिस्सा पक्षकार सोडले. सोपं नव्हतं, काही वडिलांच्या ओळखीचे होते. पैसा कमी झाला, तो आजही कमी आहे. माझ्यासोबत पास झालेल्यांची दोन-दोन ऑफिसं आहेत आणि मला त्याचं कधीकधी वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून खाली उतरून मारबत, म्हणजे त्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहिली. सव्वीस वर्षं खिडकीखालून काळी-पिवळी मारबत जायची, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ऐकू यायचं आणि मी व्हाउचर तपासत असायचो. ढोल इतक्या जवळून ऐकल्यावर छाती हादरते, हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळलं.

मी सीए पाचव्या खेपेला झालो. पक्षकारानं आजवर एकदाही विचारलेलं नाही की कितव्या खेपेला.

---

संत्रा_काटोल | १३ जुलै

ताई, मी काटोलच्या बाजूचा. तुमच्या परीक्षेतलं मले काई समजत नाई, पन माह्या पोरीनं ही चर्चा वाचून दाखवली, ती बीकॉमले हाये. म्हनलं आपन बी लिहावं.

साडेतीन एकर संत्रा हाये, पावनेचारशेच्या वर झाडं. संत्र्याले वर्षात दोन बहार येते, आंबिया आन मृग. आंबियाचं फूल जानेवारी-फेब्रुवारीत, फळ दिवाळीपासून डिसेंबरलोक. मृगाचं फूल जून-जुलैत पावसाच्या तोंडावर, तोड फेब्रुवारी-मार्चात. दोनातला एकच धरायचा रायते. काहून का, दोन्ही धरले तर झाड बारा महिने भरलेलं रायते, त्याले रिकामं व्हाले वेळच भेटत नाई.

हे मले माहीत होतं. माह्या बापानं सांगितलं होतं. तरी एका वर्षी घराचा स्लॅब टाकाचा होता, बहिनीचं लग्न होतं, म्या दोन्ही बहार धरले. खत दुप्पट दिलं, पानी दिलं. फळ लागलं, फांद्याले बांबूचे टेकू लावा लागले एवढं लागलं. गावातले लोक पाहाले येत. स्लॅब झाला, लग्न झालं. दुसऱ्या वर्षी पान बारीक आलं, पिवळं. शेंड्याकडून फांद्या वाळाले लागल्या. सल, म्हनजे वाळलेल्या काड्या, काढाले मानसं लावले त त्यायनं दोन दिवसांत बंडीभर सल काढला. तीन वर्षांत चाळीस झाडं उपटा लागली. पंधरा वर्षांचं झाड उपटताना कसं वाटते ते सांगता येत नाई.

आता ताणाचं ऐका. तुमच्याकडे ताण म्हनजे वाईट. आमच्याकडे ताण दिल्याशिवाय बहारच येत नाई. आंबिया धराचा असन त नोव्हेंबर-डिसेंबरात पानी तोडतो. हलक्या जमिनीले महिना-दीड महिना, भारी काळ्या जमिनीले दोन महिन्याच्या वर बी लागते. पान मलूल होते, थोडं गळते. बाहेरचा मानूस म्हनन, झाड मेलं. ते मेलं नसते, आतमध्ये फुलाची तयारी करत असते. पन ताण मोजून द्या लागते. चार दिवस जास्त झाले की फांदी वाळली. जमीन पाहून ठरवा लागते, शेजाऱ्यानं साठ दिवस दिला म्हनून आपन नाई द्याचा. त्याची जमीन भारी हाये, आपली मुरमाड.

आन ताण तोडताना पयलं पानी हलकं. एकदम भरपूर पानी सोडलं त फूल गळते. पयलं हलकं, मंग दुसरं पूर्न.

तुमच्या लिखानात ताण दिसला ताई, पानी कधी देता ते नाई दिसलं.

पोरगी म्हनते, सीए काकांनी सांगितलेलं एका ग्रुपचं आन माहं हे एका बहाराचं एकच झालं. मले नाई माहीत. मी पुढच्या वर्षी नवीन अर्धा एकर लावनार हाये, पूर्न चार एकर होईन. दहा वर्षं झाले मनात हाये. रोपं पाहून ठेवली. त्यायले बी पाच वर्षं फळ धरू देनार नाई, फूल आलं त खुडून टाकाचं. जोर आधी खोडाले गेला पायजे.

---

अभ्यासिका_सीट_१४ | १३ जुलै

काका, "फूल आलं तर खुडून टाकायचं" हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून: हो, आता ठीक आहे. मार्चपासून नोकरीला आहे, झोप लागते. माझं आधीचं उत्तर मी मागे घेत नाही, पण तुमच्या जमिनीला ते लागू नाही, हे समजलं. एफआर आणि एएफएमच्या माझ्या हाताच्या नोट्स आहेत, अभ्यासिकेच्या कपाटात पडून आहेत. हव्या असतील तर रविवारी कुठेही आणून देतो.

---

बुटीबोरी_७४० | १९ जुलै

दहा दिवस लिहिलं नाही, कारण काकांनी सांगितलं तसं १ ते २० मधले दिवस होते.

सप्टेंबरचा फॉर्म भरला नाही. काल त्याची लेट फीशिवायची मुदत संपली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये दोनदा साइट उघडली आणि दोनदा बंद केली. खापरीच्या पुढे आल्यावर मोबाइल पर्समध्ये टाकला. हात थरथरत होता. आळशीपणानं न भरणं आणि ठरवून न भरणं यांत फरक आहे, हे मला कळतं. पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. क्लासच्या ग्रुपवर सगळे आपापले फॉर्म भरल्याचं टाकत होते. तो ग्रुप मी जानेवारीपर्यंत बंद केलाय.

जानेवारी २०२६, ग्रुप एक. एवढंच. मे-सप्टेंबरचं आत्ता काहीच ठरवत नाही.

बाबांना सांगायला सीताबर्डीवरून संत्रा बर्फी घेऊन घरी गेले. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, कारण माझ्या हिशोबात ही सही आता निदान वर्षभर पुढे गेली. त्यांनी काका तुमच्या बाकाचं ऐकलं आणि पहिलं हेच विचारलं, "कोणाचं ऑफिस?" मला सांगता आलं नाही. मग म्हणाले, त्या बाकावर बसायला त्यांना आवडायचं. आत जायची वाट बघत नसत ते. वर्षभरात तेवढाच एक तास असा मिळायचा की वही बंद आहे, हिशोब जुळलेला आहे, आणि कोणी हाक मारत नाही. येताना रस्त्यावरचा चहा पिऊन यायचे. मला हे ३२ वर्षांत माहीत नव्हतं. मी ज्या गोष्टीसाठी त्यांच्या वतीनं चिडत होते ती त्यांच्यासाठी वर्षातली सुट्टी होती. सही मला अजूनही हवी आहे, अगदी तेवढीच हवी आहे. पण ती त्यांच्यासाठी घाईनं मिळवायची गरज नाही, हे त्या दिवशी समजलं. ती माझी आहे.

घरी काय बदललं ते लिहिते. साडेतीनचा गजर काढला. साडेदहाला झोप, पाचला उठते. बसमध्ये ऑडिटची मानकं वाचतेय, सध्या पाचशे मालिकेत आहे. वर्धा रोडला मेट्रोच्या कामापाशी गाडी अडकते तेव्हा आधी चिडचीड व्हायची, आता दोन पानं जास्त होतात. साहेबांशी बोलले, वार्षिक विवरणाचा ताळमेळ ऑक्टोबरपासूनच सुरू करू म्हटलं, ते लगेच हो म्हणाले. त्यांनाही दरवर्षी ३१ डिसेंबरला ऑफिसात राहावं लागतंच. नवऱ्यानं महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली फिरती एका दिवसावर आणता येते का ते विचारलंय. अजून उत्तर नाही.

काटोलच्या काका, तुमचा प्रश्न घेऊन मी चार दिवस फिरले. पाणी कधी देते? खरंच कुठेच देत नव्हते. रविवारीसुद्धा राहिलेला अभ्यास भरून काढायचे. आता रविवार संध्याकाळ सोडली आहे. मागच्या रविवारी पाऊस होता, मुलीला घेऊन फुटाळ्यावर गेले. भाजलेलं कणीस घेतलं, तिनं अर्धं खाल्लं आणि अर्धं मला दिलं, आणि वाटभर मला सांगत होती की तलावात पाऊस पडला तर तलाव ओला होतो का. पुस्तक सोबत नव्हतं. पहिली वीस मिनिटं फार अस्वस्थ गेली. मग कमी झालं.

हुडकेश्वरच्या ताई, लिंबू सुरू आहे, चहा तासभर नंतर. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासेन.

आणि सीट १४, नोट्स हव्या आहेत. २० ला रविवार आहे म्हणून ३बी आम्ही शुक्रवारीच भरून टाकला, बिलन् बिल २बीशी जुळवून. सोमवारी २१. सोमवारी पाचला कन्सॉलिडेशन काढणार आहे, तर उद्या दुपारी छत्रपती चौकात देऊ शकाल का? चार वाजेपर्यंत कधीही चालेल. त्यानंतर फुटाळ्याला जायचं आहे.